उट्रेख्तमध्ये जुनी सायकल: घेण्यापासून पंक्चर काढण्यापर्यंत

नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला शिकायला आलात की पहिल्या आठवड्यातच सायकल घ्या. धड चालणारी जुनी सायकल साधारण १०० ते १५० युरोत मिळते. रस्त्यात कुणी २०-३० युरोत देऊ लागला तर ती बहुधा चोरीची असते, आणि चोरीची सायकल जाणूनबुजून घेणाऱ्यावरही गुन्हा दाखल होऊ शकतो. फ्रेमवरचा नंबर पोलिसांच्या 'स्टॉपहेलिंग' साइटवर टाकून बघा. नंबर घासलेला असेल तर मोह सोडा. डच फ्रेम उंच असतात, म्हणून सीटवर बसल्यावर दोन्ही चवडे जमिनीला टेकतात ना, हे विकत घेण्याआधी पाहा.

बऱ्याच जुन्या सायकलींना हँडलवर ब्रेक नसतो. पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. सिग्नलला पायडल मागे फिरवून पाय जुळवायची आपली सवय इथे घात करते, कारण सायकल जागच्या जागी अडकते. थांबता थांबताच एक पायडल वर आणि थोडं पुढे आणून ठेवा, म्हणजे निघताना जोर देता येतो. वाहतूक उजव्या बाजूने चालते हेही अंगवळणी पडायला वेळ लागतो. गर्दीत शिरण्याआधी रिकाम्या रस्त्यावर तासभर सराव कराच. रस्त्यावरच्या पांढऱ्या त्रिकोणांची टोकं आपल्याकडे असतील तर आपण थांबायचं. कसलीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

कुलपावर पैसे वाचवू नका. मागच्या चाकाच्या गोल कुलपाने चाक फिरत नाही, पण सायकल उचलून नेता येते. म्हणून जाड साखळी फ्रेम आणि पुढच्या चाकातून घालून पक्क्या स्टँडला अडकवा. स्टेशनजवळच्या तळावर १२,५०० सायकली मावतात आणि पहिले २४ तास फुकट असतात. मनाई असलेल्या जागी लावलेली सायकल नगरपालिका उचलून नेते, मग पैसे भरून सोडवावी लागते.

डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो. पुढे पांढरा किंवा पिवळा, मागे लाल दिवा हवा, आणि तो लुकलुकता चालत नाही. १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना मोबाइल हातात धरायलाही बंदी आहे. नकाशा बघायचा तर बाजूला थांबा.

पंक्चरला दुकानात १५-२० युरो सहज जातात, त्यामुळे हे काम शिकून घ्याच. मागचं चाक काढायचं नाही; चेनकव्हर आणि ब्रेकचा दांडा सोडवण्यात दुपार जाते. आपल्याकडचे पंक्चरवाले करतात तसंच, सायकल उलटी करून टायरची एकच कड पट्टीने उचकटा आणि ट्यूब बाहेर ओढा. वॉल्व्हही बहुतेक वेळा आपल्या सायकलीसारखाच असतो. हवा भरून ट्यूब पाण्यात बुडवा, बुडबुडे येतील तिथे खूण करा. ट्यूब पुसून कोरडी करा, हवा सोडा, पॉलिश पेपरने घासा, सोल्यूशनचा पातळ थर द्या आणि तो चमकेनासा होईपर्यंत, म्हणजे पाचेक मिनिटं, थांबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेला पॅच हवा भरताच सरकतो. पॅच घट्ट दाबल्यावर ट्यूब लगेच आत घालू नका. आधी टायरच्या आतून कापड फिरवा; काचेचा कण राहिला असेल तर धागा अडकेल. तो कण चिमट्याने काढा, नाहीतर वर्गात पोचेपर्यंत तिथेच पुन्हा पंक्चर होईल.