रोज एक इंडी गाणं सुचवायचं कसं?

लातूर-नांदेडकडच्या दोस्तांच्या कुठल्याही ग्रुपवर हे दिसतं. कुणीतरी बाहेरच्या एखाद्या बँडची लिंक टाकतो, वर लिहितो, ‘लई भारी, ऐकाच’. खाली दोन अंगठे येतात; त्यातल्या एकानं तर लिंक उघडलेलीही नसते. तेवढ्यात कुणी सोयाबीनचा आजचा भाव टाकतो, कुणी वाढदिवसाचा केक, आणि गाणं वर सरकून जातं. गाणं वाईट नव्हतं आणि पोरंही बहिरी नाहीत. लिंक पोचली, पण तिच्यात कान कुठं द्यायचा हे कुणी सांगितलंच नाही. इंडी (म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेर निघालेलं) किंवा अल्टरनेटिव्ह रॉकचं गाणं रोज सुचवायची हौस असेल तर खरी कारागिरी गाण्यासोबतच्या त्या दोन-चार ओळींत आहे. बाकीची तयारी किरकोळ आहे, तरी ती आधी उरकून घेऊ.

जागा ठरवा

घरच्या किंवा गावाच्या ग्रुपवर हा उद्योग नको. काका ‘काय ओरडायलेत हे’ म्हणतील आणि चार दिवसांत तुमचीच हौस मरेल. पंधरा-वीस जणांचा वेगळा ग्रुप काढा, तोही प्रत्येकाला विचारून. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही. व्हॉट्सॲप चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये आलं. तिथं एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. कॉलेजच्या पोरींना आपला नंबर चारचौघांत नको असतो, त्यांच्यासाठी ते बरं. पण चॅनेलवर गप्पा रंगत नाहीत, आणि गप्पा नसतील तर महिनाभरात तुम्ही एकटेच बोलत बसाल. माझं मत छोट्या ग्रुपच्या बाजूनं आहे.

पहिल्या महिन्याची यादी आधी लिहून काढा

‘आज काय टाकू’ हा प्रश्न रोज रात्री पडायला लागला की उपक्रम दुसऱ्या आठवड्यात बसतो. म्हणून तीस गाणी आधीच वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये उतरवा. आणि क्रम लावताना आपल्याला काय आवडतं यापेक्षा ऐकणाऱ्याच्या कानावर आजवर काय पडलंय ते बघा. आपल्याकडचा कान टाळ-मृदंगावर, गोंधळाच्या संबळावर, खुलताबादच्या कव्वालीवर आणि टपरीवरच्या हिंदी गाण्यांवर वाढलाय. त्याला पहिल्याच दिवशी सात मिनिटांचा गिटारचा गोंगाट ऐकवाल तर तो परत येणार नाही.

सुरुवात इंडियन ओशनपासून करा. दिल्लीचा हा बँड १९९० मध्ये उभा राहिला आणि २००० मध्ये त्यांचा ‘कंदिसा’ अल्बम आला. त्यात ‘माँ रेवा’ हे नर्मदेचं गाणं आहे. गिटारच्या जोडीला तबला आहे, आणि गोदाकाठच्या माणसाला नदीची आळवणी शिकवावी लागत नाही. पुढं चंडीगडमध्ये सुरू झालेला द लोकल ट्रेन घ्या. सरळ हिंदी शब्द, त्यामुळे भाषेची अडचण नाही. २०१५ चा ‘आलस का पेड’ हा त्यांचा अल्बम पुरतो. मग दिल्लीच्याच पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बिस्मिल्लाह’ (२०१९). शब्द इंग्रजी, पण चालीत जुन्या हिंदी सिनेमाची सावली आहे. इथवर आलेला माणूस मग आर.ई.एम. या अमेरिकन बँडच्या ‘लूझिंग माय रिलिजन’ला घाबरत नाही, कारण १९९१ चं ते गाणं उभंच आहे मॅंडोलिन या तारवाद्यावर.

यादीत दोन-तीन जोड्या ठेवा, म्हणजे आज एक आणि उद्या त्याचंच भावंड. माझी आवडती जोडी पिक्सीज आणि निर्वाणा या अमेरिकन बँडची. बॉस्टनच्या पिक्सीजचं १९८८ चं ‘व्हेअर इज माय माइंड?’ आधी द्या. बँडमधल्या किम डीलचा मागून येणारा ‘ऊऽऽ’ ऐकायला सांगा. तो आवाज खरा घुमावा म्हणून स्टुडिओच्या बाथरूममध्ये रेकॉर्ड केला होता. दुसऱ्या दिवशी निर्वाणाचं ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ (१९९१): कडव्यात दबकं, कोरसला एकदम धडाका. पिक्सीजची नक्कल करायला गेलो होतो, असं निर्वाणाचा गायक कर्ट कोबेननं स्वतः मुलाखतीत सांगितलंय. एवढं कळलं की लोक दोन्ही गाणी पुन्हा लावतात आणि ग्रुपवर भांडण सुरू होतं, सरस कोण. ते भांडण चालू द्या.

‘हे इंडी आहे का अल्टरनेटिव्ह’ या भांडणात मात्र पडू नका. ब्रिटनमध्ये जानेवारी १९८० पासून इंडी गाण्यांची वेगळी क्रमवारी निघायला लागली, तिचा निकष गाण्याचा आवाज कसा आहे हा नव्हताच. रेकॉर्ड मोठ्या कंपन्यांच्या वितरणाबाहेरून विकली जाते का, एवढंच बघत. निर्वाणाचा पहिला अल्बम ‘ब्लीच’ १९८९ मध्ये सिएटलच्या सब पॉप या छोट्या लेबलवर आला, रेकॉर्डिंगचा खर्च साधारण ६०० डॉलर. दोन वर्षांनी ‘नेव्हरमाइंड’ मोठ्या कंपनीकडून आला आणि जगभर गेला. संभाजीनगरच्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजात गॅदरिंगपुरता बँड जमवणाऱ्या पोरांना सगळ्या वादापेक्षा त्या ६०० डॉलरची गोष्ट जास्त भिडते.

आता त्या ओळी

रेडिओहेडचं ‘क्रीप’ सुचवायचंय असं धरा. ‘नव्वदच्या दशकातलं अजरामर अल्टरनेटिव्ह अँथम, मस्ट लिसन’ हे लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. त्याऐवजी आपण बोलतो तसं लिहा:

‘क्रीप, रेडिओहेड, १९९२. इंग्लंडातल्या ऑक्सफर्डकडची पोरं. जी आवडती तिच्यापुढं आपण काहीच नाही असं वाटणाऱ्या पोराचं गाणं हाय. सुरुवातीला थंड वाटंल, बंद करू नका. मिनिटभरानं, कोरसच्या तोंडावर, गिटार खर्र-खर्र करून खेकसतं. गिटारवाल्या जॉनी ग्रीनवुडला गाणं लईच मवाळ वाटायलं होतं, म्हणून त्यानं मुद्दाम केलेली खोडी हाय ती.’

यात ऐकायची जागा एकच आहे आणि ती कधी येते तेही सांगितलंय. ‘बंद करू नका’ हे तीन शब्द महत्त्वाचे, कारण अनोळखी गाणं लोक पहिल्या वीस-तीस सेकंदांतच सोडतात. गाण्याचा विषय एका वाक्यात आपल्या बोलीत आलाय. इंग्रजी शब्द कानाला लागत नाहीत म्हणून लाजणारे बरेच असतात, त्यांना तेवढा आधार पुरतो. पूर्ण गीताचं भाषांतर टाकत बसू नका, कुणी वाचत नाही. ‘शूगेझ’, ‘पोस्ट-पंक’, ‘लो-फाय’ ही गाण्याच्या प्रकारांची नावं पहिले दोन महिने तरी खिशातच ठेवा. आणि एकाच गाण्यात बास बघा, ड्रम बघा, शब्द बघा असं सांगितलं की माणूस त्यातलं काहीच बघत नाही.

कधी ऐकायची जागा आवाजात नसते, गोष्टीत असते. क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं ‘झॉम्बी’ (१९९४) अनेकांनी नुसता ठेका म्हणून ऐकलेलं असतं. १९९३ मध्ये इंग्लंडातल्या वॉरिंग्टन गावात आयरिश रिपब्लिकन आर्मीनं बॉम्बस्फोट केले, दोन लहान मुलं गेली, त्या संतापातून बँडची गायिका डोलोरेस ओ’रिओर्डननं ते लिहिलं. ही ओळ वाचून गाणं लावलं की तिचा चिरकणारा आवाज वेगळाच लागतो.

टाकण्यापूर्वी स्वतः शेवटपर्यंत ऐका. ‘क्रीप’च्या मूळ आवृत्तीत एक शिवी आहे, रेडिओसाठीच्या आवृत्तीत तिथं साधा शब्द आहे. ग्रुपवर कुणाचे सर असतील, कुणाची धाकटी बहीण असेल, तर दुसरी पाठवा.

लिंक कोणती

एमपीथ्री फाइल फॉरवर्ड करू नका. त्यातून बँडला छदामही मिळत नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, आणि २०२४ पासून वर्षभरात १,००० प्ले झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत. मोठ्या बँडला याचं काही नाही, पण कोचीच्या किंवा शिलाँगच्या नव्या पोरांना तुमच्या ग्रुपवरचे वीस प्लेही उपयोगाचे असतात. एखादं गाणं फारच भिडलं आणि पैसे द्यावेसे वाटले तर गाणी विकत घ्यायची बँडकॅम्प ही साइट बघा. तिथं डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के साइट ठेवते, पैसे पोचवण्याचा खर्च वेगळा जातो आणि उरलेली बहुतेक रक्कम कलाकाराकडे जाते.

यूट्यूबवर बँडचं अधिकृत चॅनेल किंवा नावापुढे ‘टॉपिक’ असलेलं चॅनेल निवडा. दोन्हीकडची गाणी रीतसर असतात. कुणाकडे स्पॉटिफाय, कुणाकडे दुसरंच ॲप, अशी खिचडी असेल तर ओडेस्ली या साइटवर सगळ्या ॲपची मिळून एकच लिंक बनते. डेटाचंही बघा. १६० केबीपीएसला चार मिनिटांचं गाणं साधारण पाच एमबीत होतं, व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट खातो. दिवसाचा दीड जीबी संध्याकाळपर्यंत संपवलेल्या माणसाला व्हिडिओची लिंक देऊन काय उपयोग?

वेळ

वेळ एकच ठेवा. लातूरच्या ट्यूशन एरियातली पोरं रात्री मेसचं जेवण उरकून खोलीवर येतात, पुण्याला नोकरीला असलेले शुक्रवारी ट्रॅव्हल्समध्ये बसलेले असतात. साडेनऊ-दहाची वेळ दोघांनाही जमते. सकाळी गुड मॉर्निंगच्या गर्दीत गाणं हरवतं.

काही दिवशी गाणं टाकूच नका. गारपीट होऊन ग्रुपमधल्या निम्म्या घरांचं रान आडवं झालेलं असताना उड्या मारणारं गाणं पाठवणं बरं दिसत नाही. कुणाच्या घरी मयत झाली तरी तेच. खाडा पडला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन टाकायची गरज नाही. एकाच्या वर गेलात की एकही ऐकलं जात नाही.

उत्तरं

‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘मस्त’ येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, ‘खर्र सापडलं का?’ याचं उत्तर गाणं लावल्याशिवाय देता येत नाही. जो कधीच बोलत नाही त्याला ग्रुपवर टॅग करून लाजवू नका. हॉटेलात चहाला भेटला की विचारा. बऱ्याचदा तोच सगळी गाणी ऐकत असतो.

आठवड्यातला एक दिवस दुसऱ्याला द्या, शनिवार म्हणा. तो भीमगीत टाकेल, कुणी कव्वाली टाकेल, आणि लगेच कुणीतरी ‘हे रॉक नाही’ म्हणेल. म्हणू द्या. भीमगीतात गायकाची ओळ पूर्ण व्हायच्या आत कोरस जसा उचलून धरतो, तसा कोरस असलेलं गाणं दुसऱ्या दिवशी शोधून टाका आणि वर लिहा, कालच्यावरून आठवलं. अट एकच ठेवा: ज्याची पाळी, त्यानंही ऐकायची एक जागा लिहून द्यायची.

महिना संपला की सगळी गाणी एका प्लेलिस्टमध्ये भरा, तिला महिन्याचं नाव द्या आणि लिंक ग्रुपच्या माहितीत चिकटवून ठेवा. नवीन येणारा माणूस मागचे मेसेज चाळत बसत नाही.