स्पितीचा प्रवास उंचीच्या हिशेबाने आखावा
हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्याचे मुख्य ठिकाण काझा हे सुमारे ३,६५० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंचीवर असल्यामुळे, प्रवासाचे वेळापत्रक किलोमीटरांवर नव्हे, तर उंचीवर बेतावे. मनालीहून काझा एका दिवसात गाठता येते. पण सुमारे दोन हजार मीटरवरून निघून त्याच दिवशी साडेचार हजार मीटरची कुंझुम खिंड ओलांडणे अनेकांना मानवत नाही, शिवाय हिवाळ्यात बर्फामुळे ती बंदच असते. त्याऐवजी शिमल्याहून किन्नौरमार्गे जावे आणि कल्पा व ताबो येथे मुक्काम करावा. ताबोचा मठ इ.स. ९९६ मधला आहे, त्यामुळे तिथली विश्रांती वाया जात नाही. डोकेदुखीबरोबर मळमळ सुरू झाल्यास आणखी वर चढू नये, आणि त्रास वाढलाच तर विनाविलंब खाली उतरावे. डायमॉक्स ही उंचीवरच्या त्रासासाठीची गोळी घ्यावी की नाही, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. दरडी कोसळून रस्ता अडतो, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. आठवड्याच्या रजेत स्पिती बसवण्याचा हट्ट असेल, तर खुशाल दुसरीकडे जावे. भारतीयांना परवाना लागत नाही, मात्र ओळखपत्र आणि पुरेशी रोख रक्कम जवळ असावी.