स्पोर्टी गाडीला अलॉय आणि टायर घेताय? कोकणात या चुका टाळा

पोलो जीटी टीएसआय, आय२० एन लाइन, बलेनो आरएस अशी गाडी दारात आली की पहिला खर्च चाकांवर होतो. बजेट ठरलेलं असतं. त्यातला मोठा वाटा दिसायला झकास अशा अलॉयवर (ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकांवर) जातो आणि उरलेल्या पैशात दुकानदार देईल तो टायर बसतो. चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडी या पट्ट्यात नेमकी हीच वाटणी महागात पडते. चार महिने ओला रस्ता, आंबा आणि कुंभार्ली घाटातली वळणं, वर्षभर खारा वारा. इथे गाडी रस्त्याला धरून ठेवतो तो टायर. म्हणून आधी टायर ठरवा आणि उरलेल्या पैशात बसेल तेवढंच अलॉय घ्या. पैसे पुरत नसतील तर कंपनीची मूळ अलॉय ठेवून फक्त चांगले टायर घ्या. गाडी चालवताना जाणवणारा फरक त्यातूनच येतो.

सतरा इंचाचा हट्ट

या गाड्यांवर १९५/५५ आर१६ (टायर १९५ मिमी रुंद, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत रुंदीच्या ५५ टक्के, रिम १६ इंची) हा नेहमीचा साइज. त्याची बाहेरची उंची ६२१ मिमी आणि साइडवॉल १०७ मिमी. २०५/४५ आर१७ घातला तर उंची ६१६ मिमी होते, म्हणजे स्पीडोमीटर जेमतेम पाऊण टक्का हलतो. कागदावर सगळं ठीक दिसतं. पण साइडवॉल उरते ९२ मिमी. हे गेलेले १५ मिमीच रिमला खड्ड्यापासून वाचवत होते. मुंबई-गोवा हायवेवर जिथे काँक्रीट संपून डांबराचा किंवा खडीचा पट्टा लागतो तिथली पायरी रात्री पावसात दिसत नाही, आणि रिमची आतली कड तिथेच वाकते.

शिवाय साधं ओतीव १७ इंची अलॉय १०-११ किलोपर्यंत भरू शकतं. लहान टर्बो इंजिनाला प्रत्येक चाकावरचा जादा किलो पिकअपमध्ये आणि ब्रेकिंगमध्ये जाणवतो. खरेदीला जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा सोबत न्या आणि व्हील टांगून बघा. जुन्यापेक्षा नवं जड निघालं तर ते घेण्यात अर्थ नाही.

१६ इंचावरच राहून पकड वाढवायची असेल तर ६.५ जे किंवा ७ जे (म्हणजे ६.५ किंवा ७ इंच रुंद) रिमवर २०५/५० आर१६ चांगला बसतो. उंची ६११ मिमी, म्हणजे मूळच्या दीड टक्का कमी, आणि साइडवॉल अजून १०२ मिमी. आमच्या मते कोकणातल्या रस्त्यांना हाच तोडगा सर्वांत शहाणपणाचा आहे.

"बसतंय की" म्हणजे बसलं असं नाही

तीन मापं जुळली पाहिजेत: पीसीडी (बोल्ट किती आणि ते किती मिमी व्यासाच्या वर्तुळावर), सेंटर बोअर (रिमच्या मधल्या भोकाचा व्यास) आणि ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणारी बाजू किती दूर आहे ते). पोलोचा पीसीडी ५×१०० आणि सेंटर बोअर ५७.१ मिमी. आय२० आणि बलेनोचा ४×१००, बोअर ५४.१. चार बोल्टच्या गाड्यांत ४×९८ आणि ४×१०० यांची गल्लत फार होते. दोन मिलिमीटरच्या फरकाने बोल्ट आत जातात, आवळलेही जातात, पण चाक हबच्या मधोमध बसत नाही. अशी जोडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. पीसीडी बदलणारे अडॅप्टरही नकोत.

बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं बोअर मुद्दाम मोठं, बहुधा ७३.१ ठेवलेलं असतं, म्हणजे एकच माल अनेक गाड्यांना चालतो. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते, पोलोसाठी ७३.१ ते ५७.१. ही रिंग न देता व्हील बसवून देणारी दुकानं आहेत आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं हे एक नेहमीचं कारण असतं. रिंग प्लास्टिकची घ्यावी की ॲल्युमिनियमची? खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम पोलादी हबला चिकटून बसतं. प्लास्टिक चिकटत नाही, पण घाट उतरताना हब तापला तर मऊ पडू शकतं. रोजचा प्रवास किनाऱ्यालगत असेल तर प्लास्टिक चालेल. दर आठवड्याला घाट उतरणाऱ्यांनी ॲल्युमिनियमची घ्यावी आणि तिला अँटी-सीझचा (धातू एकमेकांना चिकटू न देणाऱ्या वंगणाचा) पातळ हात द्यावा.

ऑफसेटचा हिशेब दुकानात कुणी करत नाही, तो तुम्ही करा. समजा मूळ व्हील ६ जे ईटी ४० (ईटी म्हणजे मिमीमधला ऑफसेट) आहे आणि नवं ७ जे ईटी ३५. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट ५ ने कमी झाला, म्हणजे चाक ५ मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर येईल आणि आतली ७.७ मिमी आत जाईल. आता तुमच्या गाडीत टायर आणि सस्पेन्शनच्या स्ट्रटमध्ये किती फट आहे ते बघा. बदलानंतर ती ५ मिमीपेक्षा कमी उरत असेल तर नको. बाहेरच्या बाजूला टायर मडगार्डच्या कडेबाहेर आला तर मागची सीट भरताच घासणार, लाल चिखल दरवाजाभर उडणार, बेअरिंगवरचा ताण वाढणार आणि ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग हातात ओढ घेणार.

म्हणून टायर चढवण्याआधी नुसतं व्हील एकदा पुढे आणि एकदा मागे लावून बघा. हाताने फिरवा. कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा भाग) आणि स्पोकमध्ये किमान ३ मिमी फट हवी. एकदा टायर चढला की दुकानदार व्हील परत घेत नाही.

बोल्ट आणि नट

पोलोला नट नसून बोल्ट आहेत, एम१४×१.५ (जाडी १४ मिमी, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी), आणि त्यांची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोलाकार आहे. बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशांची शंकूसारखी बैठक लागते. मूळ बोल्ट अशा अलॉयमध्ये घातले तर ते फक्त एका कडेवर टेकतात आणि हळूहळू सैल होतात. ह्युंदाईचे नट एम१२×१.५, मारुतीचे एम१२×१.२५. चुकीचा नट दोन-तीन आटे सरळ जातो, मग अडतो. तिथे कुणी एअर गन लावली की स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या दांड्याचे) आटे गेलेच. म्हणून पहिले आटे नेहमी बोटांनी फिरवायला लावा.

मूळ बोल्ट किती फेऱ्यांत पूर्ण बसतो ते मोजून ठेवा. नवा त्याहून कमी फेऱ्यांत बसत असेल तर तो आखूड आहे. फार लांब बोल्ट मागच्या ब्रेकच्या भागांना आतून लागतो. आवळताना टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा) वापरा, एकाआड एक बोल्ट घ्या. पोलोसाठी १२० न्यूटन-मीटर, इतरांसाठी गाडीच्या पुस्तकात दिलेला आकडा. ५० ते १०० किलोमीटर झाले की पुन्हा तपासा.

सेकंडहँड अलॉय

मुंबईतल्या कुर्ल्याच्या बाजारातून किंवा ओळखीतून जुना सेट आणणं ही बजेटवाल्यांची नेहमीची वाट. त्यात गैर काही नाही, पण तपासणी मागच्या बाजूने करा. पुढून पॉलिश मारलेलं असतंच. आतल्या कडेला वेल्डिंगचा फुगवटा, नव्या रंगाचा एखादाच पट्टा किंवा हातोडीच्या खुणा दिसल्या तर तो रिम वाकून सरळ केलेला आहे. वाक काढलेला रिम एक वेळ चालवता येतो, वेल्ड केलेला घेऊ नये.

केसासारखी बारीक चीर नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी गॅरेजमधली जुनी पद्धत वापरा. स्पोकची मुळं आणि आतली कड पुसून कोरडी करा, तिथे ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग फडक्याने अगदी कोरडं पुसून वरून खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर एक काळपट ओली रेघ उमटते. नंतर टायर न चढवता रिम बॅलन्सिंग मशिनवर फिरवा. कड एका जागी स्थिर दिसली पाहिजे. खालीवर लपकत असेल तर भावात घासाघीस न करता परत द्या.

नवं घेताना नुसत्या "इम्पोर्टेड" शब्दावर जाऊ नका. रिमसाठीचं भारतीय मानक आयएस १६१९२ आहे. जपानी मालावर जेडब्ल्यूएल (तिथलं अलॉय व्हीलचं मानक) असा ठसा ओतलेला असतो. चिकटवलेला स्टिकर म्हणजे ठसा नव्हे. व्हीलची भार क्षमता मागे किलोत लिहिलेली असते, तीही वाचा.

टायर: पाऊस आधी, दिखावा नंतर

साइडवॉलवर डॉट (DOT) अक्षरांपुढच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. किनाऱ्यालगतच्या छोट्या दुकानात १७ इंची माल कमी खपतो, त्यामुळे तो पडून राहतो. दोन वर्षांहून जुना टायर पूर्ण भावात घेऊ नका. चारही टायर शक्यतो एकाच तारखेच्या आसपासचे घ्या.

लोड इंडेक्स (एका टायरची भार क्षमता सांगणारा आकडा) मूळपेक्षा खाली नको. ८७ म्हणजे ५४५ किलो, ८४ म्हणजे ५००. २०५/४५ आर१७ मध्ये स्वस्त माल बऱ्याचदा ८४ चा असतो. तिथे ८८ एक्सएल (जादा भारासाठीचा टायर) मागा. एक्सएल टायर तेवढाच भार पेलायला थोडी जास्त हवा मागतो, साधारण २-३ पीएसआय. स्पीड रेटिंग एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किमी.

रुंद टायर कोरड्यावर चांगला, पण रस्त्यावर पाणी साचलं की अरुंद टायरपेक्षा कमी वेगात तरंगायला लागतो. म्हणून रुंदी वाढवली तर लांबीला खोल, सलग खाचा असलेली नक्षी घ्या. ट्रॅकसाठीचा मऊ आणि उथळ खाचांचा टायर जुलैत परशुराम घाटात धोक्याचा आहे. कायद्याची मर्यादा १.६ मिमी नक्षीची. कोकणात मृगाआधी ३ मिमीपेक्षा कमी उरली असेल तर बदला. दोनच टायर परवडत असतील तर नवे मागे लावा, गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह असली तरी. ओल्या वळणावर मागचं टोक सुटलं तर ते सावरणं फार कठीण.

बसवल्यानंतर त्रास सुरू झाला तर

८० ते ११० च्या वेगात थरथर होते का? स्टिअरिंग हलत असेल तर दोष पुढच्या चाकांत, सीट हलत असेल तर मागच्या. पण पावसाळ्यात बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी चाकाच्या आत पाइप मारा. जांभ्याची लाल माती आत थापून वाळते आणि तेवढ्यानेही चाक डुगडुगतं. धुऊनही थरथर राहिली तर हब रिंग बघा, मग बॅलन्सिंग, मग वाक. चिकटवलेली वजनं पाण्याने सुटतात, म्हणून रिम पुसून कोरडा केल्यावरच ती लावायला सांगा. फक्त ब्रेक मारल्यावर थरथरत असेल तर चाक बदलून उपयोग नाही, डिस्क तपासा.

पूर्ण वळवल्यावर घासतं आणि सरळ घासत नाही: रुंदी किंवा ऑफसेट चुकला आहे, नाहीतर आतलं प्लास्टिक लायनर सैल झालं आहे. लायनर आधी बघा, ते फुकटात सुटतं. धोपावे किंवा जयगडच्या जेट्टीवर फेरीबोटीत चढताना, चाक वळलेलं आणि सस्पेन्शन दबलेलं असताना जे घासतं, ते बहुतेक वेळा गाडी खाली केल्यामुळे. लोअरिंग स्प्रिंग आणि मोठी चाकं एकाच वेळी करू नका, दोष कशाचा तेच कळत नाही.

दर आठवड्याला एकाच चाकातली हवा उतरते आणि पंक्चर सापडत नाही, तर टायर काढून रिमची बैठक, म्हणजे टायरची कड जिथे टेकते तो भाग, बघा. खाऱ्या हवेने तिथे पांढरी भुकटी धरते. ती तारेच्या ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने साफ करून बीड सीलर (टायरची कड हवाबंद करणारा लेप) लावला की गळती थांबते. वॉल्वही त्याच वेळी नवा घाला.

चाक हबला चिकटलं आणि बोल्ट काढूनही निघत नाही, तर हातोडीने स्पोकवर मारू नका. आतल्या बाजूने टायरवर लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी ठोका. बसवताना हबचा गंज काढून त्याच्या सपाट भागावर अँटी-सीझचा पातळ थर द्या, बोल्टच्या आट्यांवर नाही.

खारा वारा

मालवण, हर्णै, गुहागर अशा समुद्रालगतच्या गावात गाडी राहत असेल तर डायमंड कट अलॉय घेऊ नका. मशिनने कापलेल्या चकचकीत भागावर फक्त पातळ लॅकर (पारदर्शक लेप) असतं. गडग्याच्या चिऱ्याला एकदा घासलं की मीठ त्या ओरखड्यातून आत शिरतं आणि लॅकरखाली कोळ्याच्या जाळ्यासारख्या पांढऱ्या रेषा पसरतात. पूर्ण रंगवलेलं अलॉय तितकं चमकत नाही, पण टिकतं आणि टचअप करता येतं. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा. ॲसिडचे व्हील क्लीनर नकोत.

स्टेपनी आणि कागद

स्टेपनी मूळ साइजचीच राहते, त्यामुळे ती घरापर्यंत किंवा पंक्चरवाल्यापर्यंतच वापरा, जमल्यास मागच्या चाकाला. पुढचं पंक्चर असेल तर मागचं चाक पुढे आणा आणि स्टेपनी मागे लावा. अलॉयसाठी शंकूचे बोल्ट घेतले असतील तर मूळ बोल्ट डिकीत ठेवा, कारण लोखंडी स्टेपनीला तेच लागतात. आंबोलीच्या धुक्यात हे लक्षात आलं तर मग काही करता येत नाही.

मोटर वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत. तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या व्हेरिएंटला कंपनी जो साइज देते तो घेतला तर वाद उरत नाही. विमा कंपनीला अलॉयची बिलासह लेखी माहिती द्या आणि पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजखाली किंमत चढवून घ्या. प्रत्येक रिमच्या मागच्या ठशाचा आणि टायरच्या डॉट कोडचा फोटो त्या बिलासोबत ठेवा.