गहू पोटरीत येण्याआधी उंदरांची बिळं मोजा

सोयाबीन निघालं, भात झोडून झाला, की तिथले उंदीर गहू, हरभरा आणि उसात सरकतात. गव्हाचं ताट बुडाजवळ तिरकं, सुरीने छाटल्यासारखं कापलेलं दिसलं की समजा, हे पटाशीच्या दातांचं काम.

उंदीर, घूस, खार, साळिंदर या सगळ्या कुरतडणाऱ्यांची खूण एकच. वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात, मागे मोकळी जागा, मग दाढा. सुळे नसतातच. पटाशीचे दात जन्मभर वाढतात. पुढची बाजू कठीण, मागची मऊ, त्यामुळे झिजताना आपोआप धार लागते. ठिबकच्या नळीत खाण्यासारखं काय आहे? तरी ती कुरतडलेली सापडतेच.

चिचुंद्री या कुळातली नाही. लांब सोंड, बारीक डोळे, उग्र वास. ती किडे खाते, तिच्यामागे लागू नका. साळिंदरालाही विष घालायचं नाही, तो कायद्याने संरक्षित आहे.

आता मुख्य काम, तेही गहू पोटरीत येण्याआधी, म्हणजे ताटाच्या पोटात लोंबी फुगण्याआधी. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी उकरलेली दिसतील तीच जिवंत, तेवढीच मोजा. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा असेल तर आत बहुधा घूस, आणि तिच्या कोठारात तुमच्या लोंब्या.

उंदराला उलटी होत नाही. म्हणून नवं खाणं तो आधी चाखून बघतो, आणि त्रास झाला तर पुन्हा शिवत नाही. घाईने पहिल्याच दिवशी विष टाकणारे इथेच फसतात. दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला धान्याचा भरडा ठेवा. चटक लागली की ४८० ग्रॅम भरडा, १० ग्रॅम गोडं तेल, १० ग्रॅम झिंक फॉस्फाईड काडीने कालवून दर जिवंत बिळात १० ग्रॅमची कागदी पुडी सरकवा आणि तोंड बुजवा. हातमोजे घाला, पाणी अजिबात लागू देऊ नका, विषारी वायू सुटतो. याला उतारा नाही. पोरं, कुत्री, कोंबड्या लांब ठेवा.

पंधरवड्याने बिळं पुन्हा बुजवून बघा. जी उकरली जातील तिथे झिंक फॉस्फाईड नको, ब्रोमाडिओलोन या दुसऱ्या उंदीरनाशकाच्या वड्या ठेवा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा, नाहीतर घुबड तेच उचलतं.