पोहे, पत्रिका आणि तीस सेकंद

जाहिरातीत कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहायची आहे, सुरुवात कशी करू, असं विचारणाऱ्या पोरापोरींना मी हल्ली एकच किस्सा सांगते. तो एकदाचा लिहूनच काढते.

एका कबड्डी लीगच्या नव्या हंगामाची जाहिरात आमच्या एजन्सीकडे आली. कुठली लीग ते विचारू नका, करारात बंदी आहे. ब्रीफ एवढंच: विनोदी हवी, घरच्यांनी एकत्र बसून बघावी आणि तारीख लक्षात राहावी. मी तेव्हा दीड वर्षाची ज्युनिअर. तोवर माझं काम म्हणजे हिंदीतून आलेल्या ओळी मराठीत उतरवणं. नवख्याला बहुतेक वेळा तेच मिळतं, नाक मुरडू नका. पडद्यावर नटाचे ओठ मिटले की तुमचं वाक्यही संपावं लागतं, आणि 'है'वर मिटलेलं तोंड 'आहे'ला पुरत नाही. या हमालीतच मला कळलं की हिंदीतला विनोद मराठीत आणता येत नाही. त्या जागी दुसरा लिहावा लागतो.

पहिल्या बैठकीत पाच जणांनी वह्या उघडल्या आणि त्यातल्या चौघांकडून लोकल निघाली. ठाण्याला गाडीत घुसणारा एकटा, दारात साखळी धरून उभे सात जण. माझ्याकडेही तीच होती. पहिल्या दहा मिनिटांत सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं, ते कागदावर उतरवून मोकळं व्हा आणि बाजूला ठेवा.

माझी दुसरी कल्पना मला फार आवडली होती. कबड्डीतला लोण, म्हणजे अख्खा संघ बाद होणं, आणि बँकेचं लोन. वसुलीवाला दारात, घरातले सातही जण एकामागून एक बाद. मी वाचून दाखवताना स्वतःच हसत होते. आमचा क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणाला, "हिंदीवाले लोणला ऑल आउट म्हणतात. तिथे काय करशील?" उत्तर नव्हतं. "खेळ कधी जवळून बघितलायस?" त्याचंही नव्हतं. प्रो कबड्डी २०१४च्या जुलैत वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. 'ले पंगा' ही ओळ आम्ही वर्गातल्या भांडणांत वापरायचो, तेवढीच माझी कबड्डी.

मग चार संध्याकाळी कळव्यातल्या एका मंडळाच्या सरावाला जाऊन बसले. चढाई तीस सेकंदांची असते हे तिथे घड्याळ लावून बघितलं आणि चमकले. आमची फिल्मही तीसच सेकंदांची होती. तिसऱ्या दिवशी एक पोरगा पकडीत सापडला. घोटा एकाच्या हातात, कंबर दुसऱ्याच्या, तिसरा पाठीवर. दम घुमतच होता. सरपटत त्याने हात लांब केला, एक बोट मध्यरेषेपलीकडे टेकलं आणि शिट्टी झाली. धरणारे तिघंही बाद. मी वहीत लिहिलं: एक बोट.

त्याच आठवड्यात माझे काका चुलतभावाच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाले होते. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, एका रविवारात चौदा घरं करायची होती. रात्री परतले तेव्हा पाच झाली होती, आणि पाचही घरचे पोहे पोटात होते. "सोडतच नाहीत गं," म्हणाले.

स्क्रिप्ट तिथेच झाली. काका दारातून आत येतात, पुटपुटत. पत्रिका टेकवायची आणि उलट पावली बाहेर पडायचं. पण आजी उजव्या कोपऱ्यात, मावशी डाव्या, मधे पोह्यांची बशी घेतलेली सून. "असं कसं, पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही!" मावशी घोटा धरते. काका आडवे. दम चालू. बोट उंबरठ्यापलीकडे. शिट्टी, अख्खं घर बाद. शेवटी पत्रिकेचा क्लोजअप: 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि खाली हंगामाची तारीख.

क्लायंटला स्टार चढाईपटू पहिल्या पाच सेकंदांत हवा होता. स्टार मिळणार दोन तास, आणि हंगामाच्या तोंडावर त्याला कुणी पाडायचं नाही ही अट. म्हणून तो खाली स्कूटर चालू ठेवून घड्याळ बघणारा पुतण्या झाला.

शूट नौपाड्यातल्या एका जुन्या घरात झालं, कारण नव्या फ्लॅटला उंबरठा म्हणजे संगमरवराची पट्टी. लाकडी उंबरठा मिळाला खरा, पण इतका उंच की बोट दिसेना. अकरा टेक झाले. मग प्रॉपवाले दादा म्हणाले, "पत्रिकेला हळद लावलीय ना, बोटालाही असू द्या." बाराव्या टेकला उंबरठ्याच्या पलीकडे पिवळा ठिपका उमटला. फिल्ममध्ये लोक सगळ्यात जास्त हसतात ते त्या ठिपक्याला, आणि तो मी लिहिलेला नाही. सेटवर कॉपीवाल्याला काम नसतं असं म्हणून घरी जाऊ नका.

मावशीला घोटा धरायला शिकवायला एक जुना खेळाडू बोलावला होता: दोन्ही हातांनी धरायचा, पाय उचलून आपल्याकडे ओढायचा. चहाच्या सुट्टीत मी त्याला स्क्रिप्टचा आधीचा मसुदा वाचायला दिला. त्यात खेळाडूच्या इंग्रजीवर एक टप्पल होती. तो सगळं वाचून हसला, त्या ओळीला नाही. कागद परत देताना काही बोललाही नाही. ज्या पोरांच्या जिवावर लीग चालते त्यांच्यावरच हसायचं, हे मला लिहिताना खटकलं कसं नाही, याची अजून लाज वाटते. तो विनोद मावशीवर, काकावर, आपल्या आग्रहावर गेला तेव्हाच फिल्म नीट झाली.

आता माझा गाढवपणा. तारीख मी प्रॉपच्या पत्रिकेवरच छापून घेतली होती. प्रसारणाच्या दोन दिवस आधी वेळापत्रक बदललं. एडिटवाल्याने रात्रभर फ्रेम फ्रेम करून आकडे बदलले, आणि पुढचा महिनाभर मला 'तारीख मॅडम' म्हणत होता. तारीख वस्तूवर किंवा नटाच्या तोंडी कधीच नाही. शेवटच्या पाटीवर, जी तासाभरात बदलता येते.

आणि तीसची फिल्म लिहितानाच दहाची लिहून ठेवा. टीव्हीवरचा वेळ दहा-दहा सेकंदांच्या भावाने विकला जातो, त्यामुळे पूर्ण फिल्म थोडे दिवस दिसते, मग छोटे कट. आमच्या दहामध्ये मावशी, बोट, ठिपका आणि पाटी एवढंच उरलं. स्कूटरवरचा स्टार गेला. त्यावर झालेला फोन मी इथे लिहीत नाही.

फिल्म लागल्यावर पंधरवड्याने आमच्याकडे एक लांबचे मामा मुंजीची पत्रिका घेऊन आले. आईने आत बोलावलं, तर उंबरठ्याबाहेरूनच हात लांब करून म्हणाले, "इथूनच देतो वहिनी, ही पोरगी घरात आहे."