पॅनल उघडल्यावर मॉड्युलर पीएलसीचे पार्ट ओळखायचे कसे

मेंटेनन्सला नवीन लागलात आणि सिनियर म्हणाला "चौथ्या स्लॉटचं डीआय कार्ड बघ", की गोंधळ ठरलेला, कारण मोजायला गेलं तर ते कार्ड तिसरंच निघतं. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, मॉड्युलर म्हणजे वेगवेगळी कार्डं जोडून बनलेला, आणि स्लॉट म्हणजे कार्डाच्या जागेचा नंबर. उदाहरणाला सिमेन्सचा एस७-३०० घेऊ, जुन्या मशीनवर तो अजूनही भेटतो.

१) डावीकडून बघत चला, हात लावू नका. सगळं ज्या पट्टीवर बसवलंय ती रेल, तोच रॅक. पहिला पॉवर सप्लाय, २३० व्होल्ट एसी घेऊन २४ व्होल्ट डीसी देतो.

२) शेजारी सीपीयू, म्हणजे प्रोग्राम चालवणारा मेंदू. रनचा दिवा हिरवा, स्टॉपचा पिवळा, आणि लाल एसएफ (फॉल्टचा दिवा) पेटला म्हणजे सीपीयूच गेला असं धरून बसू नका, कुठल्यातरी कार्डाची तक्रारही असू शकते, आधी लॅपटॉप लावून डायग्नोस्टिक बफर (सीपीयूने ठेवलेली फॉल्ट-घटनांची नोंद) वाचा. प्रोग्राम मेमरी कार्डात असतो, चालू मशीनवर ते ओढायचं नाही म्हणजे नाही.

३) आता तो घोळ. स्लॉट ३ इंटरफेस मॉड्यूलसाठी राखीव, म्हणजे दुसरा रॅक जोडायचा असेल तर लागणारं कार्ड. ते नसलं तर जागा मोकळी सोडत नाहीत, पुढचं कार्ड सीपीयूला चिकटूनच बसतं, पण नंबर मात्र ४ चाच. एका रॅकवर अशी ८ कार्डं, म्हणजे स्लॉट ११ पर्यंत. मागून त्यांना जोडतो तो बस कनेक्टर.

४) डीआय म्हणजे डिजिटल इनपुट, सेन्सर, पुशबटण वगैरेंचे सिग्नल आत. २४ व्होल्टच्या नेहमीच्या कार्डाला १३ ते ३० व्होल्ट म्हणजे "१", ५ च्या खाली "०", मध्ये कुठेतरी मीटर दाखवत असेल तर आधी वायरिंग तपासा. डीओ म्हणजे डिजिटल आउटपुट, सिग्नल बाहेर, रिले किंवा सोलेनॉइडला. एआयला (अ‍ॅनालॉग इनपुट) प्रेशर, टेंपरेचर असे बदलते सिग्नल येतात, बहुतेक ४-२० मिलीअँपिअर. ० पासून का नाही? वायर तुटली की ० येतो, म्हणजे फॉल्ट लगेच कळतो. हुशार लोकांनी ठरवलंय हे.

५) वायरी ज्यात येतात तो फ्रंट कनेक्टर, २० किंवा ४० पिनचा. कार्ड बदलताना पॉवर बंद करा, कनेक्टर अख्खा काढून नव्या कार्डावर लावा, एकेक वायर सोडत बसू नका.

स्पेअर मागवताना कार्डावरचा ऑर्डर नंबर पूर्ण लिहून घ्या. त्यातला ३२१ म्हणजे डीआय, ३२२ डीओ, ३३१ एआय, ३३२ एओ (अ‍ॅनालॉग आउटपुट).