बंदुकीचं जुनं ब्लूइंग (स्टीलवरचा निळसर-काळा थर) काढायचं असेल तर
आधी बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघा, चेंबरमध्ये (गोळी बसते त्या जागेत) बोट घालून बघा, मगच खोला. आणि खूप जुना पीस असेल तर प्लीज थांबा, मूळ फिनिश एकदा गेलं की त्याची किंमत परत येत नाही.

ब्लूइंग म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर, त्यामुळे ते घासून काढायची गरजच नसते, साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. पण त्याआधी असिटोनने तेल पूर्ण काढा, हे बरेच जण टाळतात आणि मग चट्टे पडतात. भाग व्हिनेगरमध्ये बुडवा, दर काही मिनिटांनी बघत राहा, काळा थर सुटायला लागला की बारीक स्टील वूलने पुसा आणि लगेच बाहेर काढा, रात्रभर ठेवलं तर स्टीलच खरवडल्यासारखं होतं. बॅरलला दोन्हीकडून घट्ट बूच लावा. स्प्रिंग अ‍ॅसिडमध्ये अजिबात नको, ठिसूळ होऊन तुटू शकते, आणि अ‍ॅल्युमिनियमचे भागही बाजूला ठेवा.

मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, धुवून, पटकन वाळवा कारण उघडं स्टील बघता बघता गंजतं, पुढचं काम लगेच नसेल तर तेल लावून ठेवा. मग पृष्ठभाग गुळगुळीत करायला पॉलिश पेपर 320 नंबरवरून (ग्रिट, आकडा मोठा तितका पेपर बारीक) 400 वर न्या, मागे लाकडी ठोकळा धरा म्हणजे कडा गोल होत नाहीत, आणि सिरियल नंबरवर पेपर फिरवूच नका.